अचाट पुरुष आणि अचाट बाया



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना वाटेल, की हा मुंबई-पुण्याकडचा विषय आमच्या वाडीवस्तीवरच्या रेडिओवर कशाला? परंतु आपल्या मुलांची दप्तरं एकदा नीट पाहा. कुणाच्या दप्तरावर अंगावर कोळ्याचं जाळं रंगवलेला माणूस असेल, कुणाच्या कंपासपेटीवर लाल झगा पाठीवर सोडून आकाशात उडणारा माणूस असेल. इंग्रजीत याला सुपरहिरो म्हणतात आणि मुलांनी तो शब्द जसाच्या तसा उचलला आहे. मी आपला त्याला 'अचाट पुरुष' म्हणतो. म्हणजे हा पाहुणा आपल्या ओटीवर केव्हाच येऊन बसलेला आहे. तेव्हा तो कोण, कुठला, आणि आपल्या मुलामुलींच्या कानात काय सांगतो आहे, याची चौकशी करणं हे घरधन्याचं कामच आहे.

अचाट पुरुष ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. त्याच्यापाशी सामान्य माणसात नसलेली एखादी शक्ती असते. त्याचा पोशाख ठरलेला असतो. बहुतेक वेळा तोंडावर मुखवटा असतो, किंवा दिवसा तो एक आणि प्रसंगी दुसराच असतो. आणि तो रंजल्यागांजल्यांच्या मदतीला, न बोलावता, धावून येतो. सुपरमॅन हा या जातीचा पहिला गाजलेला नमुना १९३८ साली अमेरिकेत छापला गेला. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला.

परंतु ही कल्पना आपल्याला परकी वाटण्याचं कारण नाही. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा घ्या. रात्री तो गावाच्या हद्दीवरून फिरतो, गावाची राखण करतो, आणि चालून चालून त्याची पायताणं झिजतात अशी लोकांची श्रद्धा. म्हणून त्याला नवसाच्या मोठाल्या चपला वाहतात. रात्री जागणारा, न बोलता राखण करणारा हा आपला जुना राखणदार. पुढे १९६४ साली मुंबईहून इंद्रजाल कॉमिक्स नावाची चित्रमय गोष्टींची पुस्तकं निघू लागली, तेव्हा ली फॉक या अमेरिकन लेखकाचा जंगलात राहणारा मुखवटेधारी वीर मराठीत आणताना त्याचं नाव ठेवलं गेलं 'वेताळ'. नाव ऐकूनच कोकणातल्या पोराला तो आपला वाटला असेल, तर नवल नाही. ही मालिका १९९० पर्यंत चालली. आज पन्नाशी-साठीत असलेल्या कितीतरी शिक्षकांनी ती पाठ्यपुस्तकात लपवून वाचलेली आहे. गुरुजी, नाही म्हणू नका.

आता या वेताळाची एक गंमत सांगतो. तो अमर आहे असं जंगलातले लोक मानतात. पण खरा प्रकार असा, की बाप गेला म्हणजे तोच पोशाख मुलगा अंगावर चढवतो. मुखवटा तोच, माणूस बदललेला. पोशाख बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे. मुलीचा यात कुठे संबंध नाही. फक्त एका गोष्टीत भावाच्या जागी त्याची बहीण ज्युली तो पोशाख घालते आणि काम तडीला नेते. पोशाख तिच्याही अंगाला बसला! पण भाऊ परत आला, आणि गोष्ट पुन्हा जुन्या वळणावर गेली.

आपला आजचा मुद्दा इथेच आहे. पराक्रमाचा पोशाख कुणाच्या मापाचा शिवलेला आहे?

१९४१ साली अमेरिकेतच विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने 'वंडर वुमन', म्हणजे अचाट बाई, निर्माण केली. मुलींनाही आपला असा एक वीर हवा, हा त्याचा हेतू. ती सुपरमॅनला हार जाणारी नव्हती. आणि पुढच्याच वर्षी अचाट पुरुषांच्या मंडळात तिला घेतलं गेलं, ते कोणत्या कामावर? मंडळाची सेक्रेटरी म्हणून! पुरुषमंडळी मोहिमेवर जात आणि ही बाई मागे राहून इतिवृत्त लिही. श्रोतेहो, आपण हसतो खरे. पण आपल्या गावच्या मंडळांत, समित्यांत बाई निवडून आली म्हणजे तिच्यापुढे प्रथम काय सरकवतात, याचा विचार करून हसलेलं बरं.

आता आपल्या घरात येऊ. बाईचं सोंग पुरुषाने आणि पुरुषाचं सोंग बाईने घेणं हे आपल्याकडे नवं नाही. शिमग्यात राधा नाचते. ती राधा म्हणजे लुगडं नेसलेला गावचाच एखादा मुलगा. नमनातली गौळण, तिच्याबरोबरची मावशी, सारे बाप्येच. दशावतारातली राणीही तशीच. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. उलट ज्याचं चालणं, लाजणं, पदर सावरणं हुबेहूब, त्याचं नाव पंचक्रोशीत होतं.

दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला, तेव्हा तारामतीच्या कामाला बाई मिळेना. शेवटी खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. चार वर्षांनी, १९१७ साली, 'लंकादहन' आला. त्यात याच साळुंक्यांनी राम केला आणि सीताही केली. एकच माणूस, एकदा धनुष्य घेऊन आणि एकदा अशोकवनात! अन् १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये तर याच्या उलट झालं. कालियाच्या फण्यावर नाचणारा बाळकृष्ण कोण? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. तिचं वय सात वर्षांचं. चित्रपटाच्या सुरुवातीला फाळके तिला आधी मुलगी म्हणूनच दाखवतात, तिच्या चेहऱ्यावरचे हावभाव दाखवतात, आणि मग ती कृष्ण होते. जणू प्रेक्षकाला सांगतात, की पाहा, ही मुलगी आहे, आणि आता ही नागाला नमवणार आहे. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे.

आणि बालगंधर्वांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे सरकायचा नाही. नारायण श्रीपाद राजहंस हा पुरुष. पण महाराष्ट्राने त्यांना भामिनी म्हणून पाहिलं, सिंधू म्हणून पाहिलं. त्यांची नऊवारी नेसण्याची तऱ्हा, केसातला गजरा यांचं अनुकरण घरंदाज बायका करीत. म्हणजे बाईने कसं दिसावं हे बायका एका पुरुषाकडून शिकल्या! त्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु त्याच काळात चांगल्या घरची बाई रंगभूमीवर उभी राहिली, तर तिला नावं ठेवली जात. पुरुषाने बाई होणं ही कला, आणि बाईने बाई म्हणून उभं राहणं हा मात्र निर्लज्जपणा, असा तो हिशेब होता. देवाणघेवाण होती, पण तराजूची दोन्ही पारडी सारखी नव्हती.

पुण्याला जाल तेव्हा एक गोष्ट पाहा. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची दोन चित्रं आहेत, एक पुरुषवेषातलं आणि एक स्त्रीवेषातलं. आणि रंगमंदिरातून बाहेर पडलात, की जवळच चौकात घोड्यावर बसलेली झाशीची राणी आहे. आत लुगडं नेसून अमर झालेला पुरुष, बाहेर तलवार उपसून अमर झालेली बाई. ठरवून कुणी केलं नसेल, पण जोडी विचार करायला लावणारी आहे.

ही राणी आपल्या जिल्ह्याची सून, बरं का! झाशीच्या नेवाळकर घराण्याचं मूळ गाव लांजा तालुक्यातलं कोट. आपल्याच भाषेत तिचं डोळ्यांनी पाहिलेलं वर्णनही लिहिलेलं आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत होते, आणि त्यांचं 'माझा प्रवास' १९०७ साली छापून निघालं. गोडसे भटजी सांगतात, की बाईसाहेब कधी पुरुषी पोशाख करीत आणि कधी लुगडं नेसत. म्हणजे त्यांच्या ठायी दोन्ही होतं. पुढे झाशी पडल्यावर काल्पीच्या वाटेवर भटजींना त्या पुन्हा भेटतात, धुळीने माखलेल्या, पठाणी वेषातल्या, तहानेने व्याकूळ झालेल्या. भटजी विहिरीचं पाणी काढू लागले, तर त्या त्यांना थांबवतात आणि स्वतः पाणी काढून ओंजळीने पितात.

मला विचाराल, तर चौकातल्या पुतळ्यापेक्षा मला ही विहिरीवरची राणी मोठी वाटते. पुतळ्यातली राणी थकत नाही, तिला तहान लागत नाही. विहिरीवरची थकलेली आहे, हरलेली आहे, आणि तरी काल्पीच्या वाटेला लागलेली आहे. पण दिनदर्शिकांनी, चित्रांनी, सिनेमांनी आपल्या पदरात एकच राणी टाकली, आणि तिला विशेषण दिलं 'मर्दानी'. हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण त्याचा अर्थ काय होतो? बाईने शौर्य दाखवलं, की ती तेवढ्यापुरती मर्द झाली. म्हणजे शौर्य हा मर्दाचाच माल, बाईने तो उसना घेतला. आणि जी मुलगी वर्गात बसून हे ऐकते, ती काय शिकते? की शूर व्हायचं तर आधी बाई असणं टाकून द्यावं लागतं. शेजारच्या बाकावरचा मुलगाही काही शिकतोच. त्याला डोळ्यांत पाणी आणायची बंदी होते.

यातून वाट काढणारी एक बाई १९३५ साली मुंबईत पडद्यावर आली. तिचं मूळ नाव मेरी इव्हान्स. जन्म ऑस्ट्रेलियातल्या पर्थचा, लहानपणीच हिंदुस्थानात आलेली. काही दिवस सर्कशीत होती. जे. बी. एच. वाडिया आणि होमी वाडिया या पारशी बंधूंनी तिला 'नाडिया' केलं आणि 'हंटरवाली' काढला. त्यात ती राजकन्या. पण दुष्ट प्रधानाने बापाला पळवल्यावर मुखवटा चढवते, चाबूक हाती घेते आणि गरिबांचा कैवार घेते. हा चित्रपट कुणी वितरक घ्यायला तयार होईना. वाडियांनी तो स्वतःच लावला आणि तो धो धो चालला. पुढे 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये ती धावत्या आगगाडीच्या टपावर मारामारी करते. वाडियांचा स्टुडिओ परळच्या बाजूला, म्हणजे आपल्या चाकरमान्यांच्या गिरणगावातच होता. 'फियरलेस नाडिया' हे तिचं नाव पिटातल्या प्रेक्षकाच्या तोंडी होतं. मात्र एक गोष्ट विसरू नये. नाडिया गोरी होती, सोनेरी केसांची होती. 'ती आपल्यातली नव्हे' असं मनात ठेवूनच पुष्कळांनी तिच्या धाडसाला टाळ्या दिल्या असतील. आपल्या घरातली मुलगी भिंतीवर चढली असती, तर त्याच हातांचं काय झालं असतं, ते तुम्हीच ठरवा.

आता अलीकडचे चित्रकार आणि छायाचित्रकार यांनी या अचाट मंडळींचं काय केलं, ते थोडक्यात सांगतो. पुष्पमाला एन. या बंगळूरच्या कलावंत बाई. शिक्षण बडोद्याला, मूळच्या शिल्पकार. त्यांनी १९९६ ते १९९८ या काळात मुंबईत कृष्णधवल छायाचित्रांची एक मालिका केली, नाव 'फँटम लेडी'. डोळ्यांसमोर नाडियाच होती. यात मुखवटा घालून रात्रीच्या मुंबईत फिरणारी वीरांगना पुष्पमालाबाई स्वतःच झाल्या, आणि तिची हरवलेली, वाईट मार्गाला लागलेली जुळी बहीणही त्याच झाल्या. सिनेमात चांगली बाई आणि वाईट बाई अशा दोन बाया असतात, कारण गोष्ट लिहिणाऱ्याला तशा लागतात. इथे मात्र दोन्हींचा चेहरा एक आहे. पाहणाऱ्याच्या लक्षात येतं, की हे दोन पोशाख आहेत आणि ते दुसऱ्या कुणीतरी शिवलेले आहेत.

अमेरिकेत डारा बर्नबॉम या बाईंनी १९७८-७९ साली दूरदर्शनवरच्या वंडर वुमनचे तुकडे घेऊन एक छोटी चित्रफीत केली. मालिकेत कचेरीतली साधी बाई स्वतःभोवती गर्रकन फिरते, भडका उडतो, आणि ती अचाट बाई होते. बर्नबॉमबाईंनी तेवढंच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. फिरते, भडका, फिरते, भडका. पाच-सहा मिनिटांत पाहणाऱ्याची नशा उतरते. तो विचारू लागतो, की साधी बाई आणि अचाट बाई यांच्या मधे काहीच नाही का? शिक्षण, मेहनत, सोबतीण, यांतलं काहीच लागत नाही का?

आणि एक उदाहरण मला फार आवडतं. डुल्से पिन्सोन या मेक्सिकोच्या छायाचित्रकार बाई. त्यांनी न्यूयॉर्कमध्ये पोटासाठी आलेल्या आपल्या देशबांधवांना अचाट मंडळींचे पोशाख चढवले आणि ते जिथे काम करतात तिथेच त्यांची छायाचित्रं घेतली. सुपरमॅन सायकलवरून जेवणाचे डबे पोचवतो आहे. वंडर वुमन धुलाईच्या दुकानात कपडे धुते आहे. दुसरी एक जण कुणाची तरी मुलं सांभाळते आहे. आणि खाली लिहिलं आहे: हा अमुक गावचा, काम हे, आणि घरी दर आठवड्याला इतके पैसे पाठवतो.

श्रोतेहो, हे चित्र रत्नागिरी जिल्ह्याला कुणी समजावून सांगायला नको. कोकण मनीऑर्डरवर जगतं, असं आपल्याच घरांत म्हणत असत. गिरणीत साच्यावर उभा राहणारा चाकरमानी हा आपला अचाट पुरुष होता, आणि त्याचं कौतुक आपण केलं. पण ज्या घरी ती मनीऑर्डर येई, तिथे कोण होतं? भर पावसात कमरेत वाकून लावणी करणारी, सासूसासऱ्यांचं औषधपाणी, पोरांची शाळा आणि गोठ्यातलं ढोर सांभाळणारी. तिने नांगराला मात्र हात लावू नये असा दंडक! नांगरटीला माणूस मिळेना, तर वाट पाहत बसावं. पण बाईने जोत धरू नये. तिचं छायाचित्र कुणी काढलं नाही.

इथे एक इशारा देतो. तिला आता 'सुपरवुमन', 'नारीशक्ती' असं म्हणायची पद्धत पडली आहे. म्हणावं, हरकत नाही. पण बाईला अचाट म्हणायचं आणि तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा ठेवायचा, ही युक्ती ओळखायला हवी. अचाट शक्ती असलेल्या माणसाला मदत लागत नाही, असा सोयीचा समज त्यामागे असतो. खरा मान म्हणजे तो हंडा आपण उचलणं.

आपल्या जिल्ह्यात जाखडीचा शक्ती-तुऱ्याचा सामना होतो. शक्तीवाले म्हणतात आदिशक्ती थोर, तुरेवाले म्हणतात शिव थोर. रात्र रात्र सवाल-जबाब चालतात. प्रकृती मोठी की पुरुष मोठा, हा प्रश्न आमच्या मांडवात गाजतो आहे, म्हणजे आम्ही काही मागासलेले नाही. फक्त एवढंच, की कित्येक पिढ्या शक्तीची बाजू गाणारा शाहीरही बाप्याच होता. शक्तीने स्वतः कसं काय वाटतं ते सांगावं, म्हणून तिच्या हाती डफ आपण कितीदा दिला?

२०१४ साली आपल्या देशातच एक चित्रमय गोष्ट निघाली, 'प्रियाज शक्ती'. दिल्लीतल्या २०१२ च्या भीषण प्रकारानंतर राम देविनेनी आणि डॅन गोल्डमन यांनी ती केली. यातली प्रिया वाघावर बसते. पण ती आकाशातून पडलेली नाही. तिच्यावर अत्याचार झालेला आहे, आणि गावाने, घरच्यांनी तिलाच दोष दिलेला आहे. तिची शक्ती कोणती? तोंड मिटून न बसणं, आणि दुसऱ्या मुलींना बोलतं करणं. या शक्तीला पंख लागत नाहीत. ती आपल्या वाडीतल्या कुठल्याही मुलीला मिळण्याजोगी आहे. मात्र ऐकून घेणारं घर हवं.

काही मंडळी म्हणतील, या अचाट बायांचे पोशाख धड नसतात, मुलींनी त्यांचं काय घ्यायचं? शंका रास्त आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने ऑक्टोबर २०१६ मध्ये वंडर वुमनला मुली आणि स्त्रिया यांच्या उत्कर्षाची मानद दूत नेमलं, तेव्हा तिथल्याच कर्मचाऱ्यांनी तिच्या तोकड्या पोशाखावर हरकत घेतली, आणि डिसेंबरात ती नेमणूक संपली. पाहणाऱ्या पुरुषाच्या डोळ्यांसाठी काढलेली बाई आणि मुलीच्या मनाला बळ देणारी बाई यांतला फरक मुलांना समजावून द्यायलाच हवा. तो चित्र लपवून समजत नाही. चित्र पुढे ठेवून, 'हे कुणी काढलं असेल, कुणासाठी काढलं असेल?' असं विचारून समजतो.

म्हणून गुरुजींना आणि बाईंना दोन गोष्टी सुचवतो. स्नेहसंमेलनात नाटुकलं बसवता, तेव्हा कामं वाटताना आवाज, पाठांतर आणि हौस पाहा. एखादी मुलगी खणखणीत बोलत असेल, तर तिला शिवबाचं काम द्या. फाळक्यांनी मंदाकिनीला कृष्ण केलं होतं, हा दाखला तुमच्यापाशी आहेच. आणि एखाद्या मुलाच्या डोळ्यांत माया दिसली, तर त्याला आईचं काम द्या. त्यावर वर्ग हसला, तर बालगंधर्वांची गोष्ट सांगा.

दुसरी गोष्ट चित्रकलेच्या तासाची. मुलांना सांगा, तुमच्या गावातलं एक शूर माणूस काढा, आणि खाली एक ओळ लिहा: हे माणूस काय करतं. अट एकच, त्याला उडता येता कामा नये. मग पाहा, कुणी दर्यावर जाणारा बाप काढील, कुणी मिरकरवाड्यावर मासळीची टोपली घेऊन बसलेली आजी काढील, कुणी रात्री-अपरात्री बाळंतिणीकडे धावणारी आशाताई काढील. ती चित्रं वर्गाच्या भिंतीवर लावा. त्यांत मुलगे किती बाया काढतात आणि मुली किती बाप्ये काढतात, तेही मोजा. त्या मोजणीतून तुम्हाला तुमच्या गावाबद्दल जे कळेल, ते माझ्या या भाषणातून कळणार नाही.

वेतोबाच्या चपला लोक शिवून देतात, तेव्हा तो राखणीला निघतो. पराक्रमाचा पोशाखही असाच आपणच शिवत असतो. यापुढे तो शिवताना माप घ्यायला मुलीलाही बोलवावं, एवढीच माझी विनंती आहे.